एकाच अक्षराची रांग

जून उजाडला की सोलापुरातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत दोरीला एक पातळ, रंगीबेरंगी पुस्तिका लटकलेली दिसते. तिला अंकलिपी म्हणतात. पुढच्या पानांवर अननसाचा अ, मागच्या पानांवर ॲपलचा ए. मध्ये बाराखडी आणि पाढे. आपल्यापैकी बहुतेकांची अक्षरओळख अशाच एखाद्या अंकलिपीतून झाली आणि तिची पाने फाटली तेव्हा आपण दुसरीत गेलो होतो. अलीकडे शेजारची तिसरीतली मुलगी वही घेऊन पायरीवर बसली होती. बाईंनी ‘बी’ने सुरू होणारे दहा इंग्रजी शब्द लिहून आणायला सांगितले होते. तिने पट्टीने उभी रेघ मारून एकाखाली एक मांडले : बॅट, बॉल, बॅग, बस, बुक, बेल, बँक, बाइक, बकेट. नऊ झाले, दहावा सुचेना. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजीने, जिने उभी हयात मागवाल्यांकडे कांड्या भरण्यात घालवली, मान वर न करता सांगितले, “बॉबिन लिही.” स्पेलिंग आजीला येत नव्हते, शब्द मात्र चाळीस वर्षे तिच्या हातात होता.

एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द रांगेत उभे करायचे आणि ती रांग पाठ करत परकी भाषा आपलीशी करायची, ही युक्ती आज इतकी साधी वाटते की तिला काही पूर्वेतिहास असेल असे मनातही येत नाही. बॅट आणि बँक यांचा एकमेकींशी काय संबंध? काहीच नाही. पहिले अक्षर तेवढे एक. हा योगायोग धरून शब्द मांडावेत, असे कुणाला तरी कधीतरी सुचावे लागले आणि ते सुचायला माणसाला फार वेळ लागला. जुन्या मराठीत या मांडणीला ‘अकारविल्हे’ असा एक देखणा शब्द आहे. सरकारी याद्यांत आणि गाथांच्या शेवटी जोडलेल्या अभंगांच्या सूचींत तो अजून भेटतो. या अकारविल्हे रांगेचा माग काढत आपण जरा मागे जाऊ.

आपल्याकडे शब्दांचे संग्रह फार जुने. यास्काने ज्यावर भाष्य केले तो वैदिक शब्दांचा निघंटू घ्या, किंवा पाठशाळांतून शतकानुशतके पाठ होत आलेला अमरकोश घ्या. दोन्हींत शब्द अर्थाच्या नात्याने बसवलेले आहेत. अमरसिंहाने तीन कांडे केली. सुरुवात स्वर्गवर्गाने, देव, काळ, पाताळ असे फिरून तो दुसऱ्या कांडात जमिनीवर उतरतो आणि भूमी, नगर, पर्वत, वनस्पती, पशू, माणसे, मग ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग, शूद्रवर्ग अशी उतरंड लावतो. ही मांडणी सुंदर आहे, पण ती जगाकडे पाहण्याच्या एका विशिष्ट दृष्टीची मांडणी आहे. ते जग आधीच ठाऊक असलेल्या माणसाला तिच्यात वाट सापडते. बाहेरून आलेल्याला एखादा शब्द शोधायचा तर तो कोणत्या वर्गात बसत असेल हे आधी माहीत हवे. म्हणजे अर्थ माहीत असेल तरच शब्द सापडणार. अमरकोश चाळायचा ग्रंथच नव्हे, तो तोंडात ठेवायचा ग्रंथ. ज्याच्या तोंडात तो आहे त्याला शोधाशोध करण्याची गरज पडत नाही.

अक्षर धरून शब्द लावण्याची कल्पना आपल्याकडे शिरली तीही गंमतीने मागच्या दाराने. एकाच शब्दाचे अनेक अर्थ सांगणाऱ्या नानार्थ कोशांत शब्द शेवटच्या व्यंजनावरून लावले जात : ‘क’ने संपणारे ते कान्त, ‘ख’ने संपणारे ते खान्त. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडातला नानार्थवर्ग असाच आहे. ११११ सालचा महेश्वराचा विश्वप्रकाश आणि पुढचा मेदिनीकोश हेही याच वाटेचे. आज आपल्याला हे उलटे वाटते. मला वाटते, व्याकरणात मुरलेल्या पंडिताला शब्दाचे शेपूट आधी दिसत असणार, कारण नाम कसे चालवायचे ते शेवटावर ठरते. शिवाय त्याचे कान यमकाला सोकावलेले.

शब्दाच्या तोंडाकडे पाहणाऱ्यांतले ठळक नाव म्हणजे बाराव्या शतकातला हेमचंद्र. गुजरातेतल्या अणहिलवाड पाटणचा हा जैन आचार्य, सिद्धराज आणि कुमारपाल या राजांच्या दरबारातला. त्याने ‘देशीनाममाला’ रचली. संस्कृतातून व्युत्पत्ती लागत नाही, पण लोकांच्या बोलण्यात आहेत, अशा सुमारे चार हजार शब्दांचा हा कोश. त्यांतले कित्येक शब्द थोडे घासून-पुसून आजच्या मराठीत सापडतात. या कोशाचे आठ वर्ग आहेत आणि ते स्वर्ग, भूमी असे नाहीत : पहिला स्वरांनी सुरू होणाऱ्या शब्दांचा, दुसरा कवर्गाचा, तिसरा चवर्गाचा, असे करत शेवटचा स आणि ह यांचा. एका अक्षराच्या पोटात पुन्हा दोन अक्षरी शब्द आधी, मग तीन अक्षरी, मग चार. हेमचंद्राने असे का केले हे उघड आहे. देशी शब्दांना कुळ नव्हते, धातू नव्हता, वर्ग नव्हता. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याला रांगेत उभे करायचे तर त्याच्या पहिल्या आवाजाखेरीज धरायला दुसरे असते काय?

त्याने आणखी एक गोष्ट केली आणि ती आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे. शब्द लक्षात राहावेत म्हणून त्याने टीकेत उदाहरणादाखल गाथा रचल्या. वरच्या गाथेत दिलेले एकाच अक्षराचे, तितक्याच अक्षरांचे शब्द गुंफून खाली एक नवी गाथा. म्हणजे तिसरीतल्या मुलीला ‘बी’चे दहा शब्द वापरून एक गोष्ट लिहायला सांगावी तसेच. १८८० मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत ही देशीनाममाला संपादून छापणाऱ्या रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताला या गाथांचा फार वैताग आला. त्यातल्या पुष्कळ त्याला निरर्थक, काही तर बावळटपणाच्या वाटल्या. पाठ भ्रष्ट झाल्यामुळे तसे वाटते, अशी बाजू पुढे इतरांनी मांडली. माझे मत पिशेलच्या बाजूने झुकते, पण हेमचंद्रावर राग न धरता. पहिले अक्षर एक या एवढ्याच भांडवलावर चार शब्दांचा संसार मांडायला गेले की अर्थ थोडा हास्यास्पद होणारच. पण तो हास्यास्पद होतो म्हणूनच डोक्यात राहतो. काकूने काकांचे कागद कात्रीने कापल्याची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी जीभ वळवत म्हटली आहे. तिच्यातल्या काकांची बाजू काय होती हे कुणी विचारले नाही. १८१३ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘पीटर पायपर’च्या पुस्तकात इंग्रजी वर्णमालेच्या जवळजवळ प्रत्येक अक्षराला असेच एक जिभेची परीक्षा पाहणारे वाक्य दिले होते. हेमचंद्र त्याच्या साडेसहाशे वर्षे आधीचा.

युरोपातही ही रांग काही आयती मिळाली नाही. मठांतले भिक्षू लॅटिन पोथ्यांतल्या अवघड शब्दांवर अर्थ लिहीत, ते अर्थ गोळा करून याद्या होत आणि या याद्या आधी केवळ पहिल्या अक्षराने, मग पहिल्या दोन अक्षरांनी लावल्या जाऊ लागल्या. १२८६ मध्ये जेनोआच्या जिओव्हानी बाल्बी याने ‘कॅथॉलिकॉन’ हा लॅटिन कोश पुरा केला, तेव्हा शेवटच्या अक्षरापर्यंत क्रम पाळणे म्हणजे काय हे त्याला वाचकांना समजावून सांगावे लागले : ‘आमो’ हा शब्द ‘बिबो’च्या आधी का येतो, तर ए हे बीच्या आधी येते म्हणून. आणि आपण हे फार कष्टाने शोधले आहे, त्याला तुच्छ लेखू नका, अशी विनंतीही केली. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या इंग्रज शिक्षकाने अडीच हजारांच्या आसपास अवघड शब्दांचा इंग्रजीतला पहिला एकभाषी कोश काढला. त्यालाही प्रस्तावनेत सांगावे लागले की आधी अक्षरांचा क्रम पाठ करा. शब्द एने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला पाहा, व्हीने होत असेल तर शेवटाकडे. हा कोश मुख्यतः शिकायची संधी न मिळालेल्या स्त्रियांसाठी आणि इतर अशिक्षितांसाठी आहे, हे त्याने मुखपृष्ठावरच छापले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्यांना लॅटिन घरात मिळाले त्यांना अकारविल्हे लागत नव्हती. ती लागत होती बाहेर उभ्या असलेल्यांना.

आता मराठी मुलखात परतू. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते यांनी राज्याभिषेकानंतरच्या वर्षांत राजव्यवहारकोश सिद्ध केला. फार्सी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश, शब्द सुमारे १३८०. परक्या भाषेशी शब्दाला शब्द भिडवण्याचा मराठी राज्यातला हा मोठाच उद्योग. पण मांडणी अमराच्याच वळणाची, राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत दहा वर्ग. दरबाराच्या कारकुनाला दुर्गवर्गात काय आणि लेखनवर्गात काय हे ठाऊकच होते. पुढे अठराव्या शतकात बारामतीच्या मोरोपंतांनी अक्षरांशी जेवढे खेळ केले तेवढे मराठीत क्वचितच कुणी केले असतील. एकशे आठ रामायणे लिहिली; त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायचे एकही अक्षर येऊ दिले नाही. म्हणजे अक्षराची शिस्त आपल्याकडे होती, हौस तर होतीच होती. तिचा उपयोग शब्द सापडण्यासाठी करावा, एवढेच राहिले होते.

ते काम परक्यांनी केले. विल्यम कॅरी याने बंगालमधल्या सेरामपुरात बसून, वैजनाथ शर्मा या पंडिताच्या मदतीने, १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. १८२४ मध्ये मुंबईत व्हान्स केनेडी याचा कोश निघाला. पण ज्याच्यापाशी आपल्याला थांबायचे आहे तो माणूस त्या सुमारास आपल्या सोलापुरात होता.

मे १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला पडला. त्यानंतरच्या वर्षांत कंपनीच्या फौजेतला जेम्स टॉमस मोल्सवर्थ नावाचा अधिकारी इथे नोकरीवर असताना आपल्या सोबत्याबरोबर, टॉमस कँडीबरोबर, मराठी शब्द टिपून ठेवू लागला. फौजेतल्या तरुणाने संध्याकाळी काय करावे याचे अनेक पर्याय असतात. या दोघांनी हा निवडला. टिपणे वाढत गेली, सरकारकडे अर्ज गेला, आणि पुढे मुंबईत शास्त्र्यांच्या मदतीने हे काम पाच-सहा वर्षे चालले. १८३१ साली, कँडीचा भाऊ जॉर्ज यालाही सहाय्यक म्हणून घेऊन, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांवर गेले. लोक मोल्सवर्थला ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत. ही पदवी कोणत्याही सरकारने दिलेली नव्हती.

मोल्सवर्थ उघडून एकाच अक्षराची दहा पाने सलग वाचावीत, हा माझा जुना छंद आहे. क काढा. कणगी, कणीक, कथा, कपट, कफन, कबूतर, कमंडलू, कमान असे चालत जावे. अमराने ज्यांना कधी एका पंगतीला बसवले नसते ते इथे मांडीला मांडी लावून बसले आहेत. देवळातला शब्द आणि खाटकाचा शब्द, संस्कृत घराण्यातला आणि फार्सीतून आलेला, शिवी आणि स्तोत्र. त्यांना एकत्र आणणाऱ्या तत्त्वाला ना धर्म कळतो ना जात. अकारविल्हे ही मुळात अडाणी रांग आहे. तिला शब्दांचा अर्थच कळत नाही आणि माझ्या मते तेच तिचे सगळ्यात मोठे बळ आहे. अर्थ न कळणाऱ्या माणसाला ती म्हणूनच आत घेते. सोलापुरातल्या लेफ्टनंटाला घेतले, तसेच पुढे कांड्या भरणाऱ्या बाईच्या नातीला.

मोल्सवर्थची रांग इंग्रजांना मराठी शिकवण्यासाठी होती. मराठी माणसाला इंग्रजी शिकवणारी रांग १८४७ मध्ये आली : मोल्सवर्थने सुरू केलेला आणि तो आजारी होऊन मायदेशी गेल्यावर टॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश. तोवर इंग्रजीची गरज चांगलीच जाणवू लागली होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघाले तेव्हाच त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी स्तंभ शेजारी शेजारी उभे होते. १८६३ मध्ये बाबा पदमनजींनी मोल्सवर्थचा संक्षेप केला आणि कोश सामान्य माणसाच्या हातात मावेल एवढा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी नीळकंठ बाबाजी रानडे यांनी इंग्रजी-मराठीचा प्रचंड कोश रचला. या कोशांबरोबर एक नवी जमात जन्माला आली : डिक्शनरी पाठ करणारी. रोज एक पान पाठ करायचे. कुणी म्हणे, पाठ झाले की ते पान फाडून टाकायचे. असे किस्से मराठी मुलखात गावोगाव आहेत आणि प्रत्येक गावाला तो माणूस आपलाच वाटतो. पाठांतराची सवय आपल्याला अमरकोशाने लावलेली होतीच. तोंड तेच, घास बदलला.

पण अमरकोश पाठ करणे आणि डिक्शनरी पाठ करणे यांत फरक आहे आणि तो माझ्याकडच्या एका जुन्या डिक्शनरीच्या कडेवर दिसतो. मिटलेल्या पुस्तकाची बाजू पाहिली तर ए, बी आणि सी एवढा भाग बोटांच्या मळाने काळा पडला आहे. डीपासून तो फिकट होत जातो आणि एमच्या पुढे कागद जवळजवळ कोरा. मूळ मालकाने किमान तीनदा नव्याने निर्धार केला असावा आणि प्रत्येक वेळी एपासून. त्यात इंग्रजी कोशाची खोड अशी की पहिलीच नोंद ‘ए’ हे उपपद, ज्याला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही! अर्थाचा धागा नसलेल्या रांगेत माणूस फार लांब चालत नाही. अमराचा विद्यार्थी एका श्लोकावरून दुसऱ्यावर छंदाच्या आधाराने जात होता. डिक्शनरीत छंद कुठला? म्हणून ज्यांना खरोखर इंग्रजी आले, त्यांतले बहुतेक तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून गेले. तिथे धड्याच्या आरंभी थोडे शब्द, मग ते शब्द घालून वाक्ये, मग भाषांतराला वाक्ये. तर्खडकरांच्या नावाने शिकलेल्यांची पिढी आता हाताच्या बोटांवर उरली आहे, पण सहाव्या धड्यातली वाक्ये ते अजून म्हणून दाखवतात.

सोलापूरला मात्र या दोन्हींखेरीज तिसरी शाळा होती. १८७० च्या दशकात इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, मग आणखी आल्या, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग, पुढे यंत्रमाग वाढवले. गिरणीने शहराला इंग्रजी शब्द दिले ते कुठल्याही अक्षराच्या रांगेतून नव्हे, तर भोंग्याच्या वेळेवर. तरी गंमत पाहा : बॉयलर, बीम, बॉबिन, बोनस. ‘बी’चे चार शब्द ज्या माणसाला पक्के येत होते त्याला ‘बी’ हे अक्षर ओळखता येत नव्हते. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा उर्दू, बाजारात मराठी आणि खात्यात हे इंग्रजी. इथल्या माणसाला नवीन भाषेचे भय वाटले नाही, याचे कारण भाषा त्याच्या कानावरून आत येत होती.

आणि कानावरून आत येणाऱ्यालाच ही रांग सगळ्यात जास्त फसवते. आपली वर्णमाला उच्चारस्थानांवर बेतलेली : कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. तेलुगू आणि कन्नड मुलांचीही तीच. क म्हटले की क, दुसरे काही नाही. इंग्रजीत अक्षर म्हणजे आवाज नव्हे, अंगरखा. कॅट, काइट, क्वीन, केमिस्ट हे चार शब्द सोलापूरच्या पोराच्या कानाला सख्खे भाऊ. इंग्रजीत ते तीन वेगवेगळ्या घरांत राहतात. उलट कॅट, सिटी आणि चेअर यांचे आवाज एकमेकांना ओळखत नाहीत, पण दाराची पाटी एकच. नाइफ ‘के’त, अवर ‘एच’मध्ये आणि सायकॉलॉजी चक्क ‘पी’त. खुद्द इंग्रजांनाही ही घरे लावायला वेळ लागला. १७५५ च्या जॉन्सनच्या कोशात आय आणि जे एकाच रांगेत आहेत, यू आणि व्हीदेखील. सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जाऊन चिनी बोलायला आणि वाचायला शिकले. तिथे तर अक्षरमालाच नाही, रांग लावायची कशाची? पण तो वेगळा विषय.

शाळेबाहेर ही रांग मुलांनी आपल्या पद्धतीने आपलीशी केली. गाण्याच्या भेंड्यांत समोरच्याच्या शेवटच्या अक्षराने आपले गाणे सुरू करायचे. म्हणजे जुन्या कोशांतले कान्त-खान्त आणि हेमचंद्राचे पहिले अक्षर यांची सांधेजोड. नाहीतर ‘नाव, गाव, फळ, फूल’. एकाने मनातल्या मनात बाराखडी म्हणायची, दुसऱ्याने “थांब” म्हणायचे, येईल त्या अक्षराची चार घरे भरायची. प आला की पंढरपूर, पेरू, पारिजातक. सोलापूरची मुले म येण्याची वाट पाहत, कारण जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी चार ‘म’चे : माढा, मोहोळ, माळशिरस, मंगळवेढा. चौघांनी चार वेगळी गावे लिहिली की सगळ्यांना दहा-दहा; एकसारखे लिहिणाऱ्यांना पाच. हाच खेळ इंग्रजी माध्यमाच्या वर्गात ‘नेम, प्लेस, ॲनिमल, थिंग’ या नावाने चालतो आणि इंग्रजीचे जेवढे शब्द त्यातून आपोआप गोळा होतात तेवढे घोकंपट्टीतून होत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे. कारण तिथे शब्द आठवावा लागतो, वाचावा लागत नाही. आणि दुसऱ्याने लिहिला नसेल असा आठवावा लागतो.

२००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले आणि अंकलिपीची मागची पाने पुढच्या पानांइतकीच महत्त्वाची झाली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ या दोन स्वरांना मराठी वर्णमालेत अधिकृत जागा दिली. ॲपल आणि ऑफिस यांनी दीडेकशे वर्षे दारात उभे राहून अखेर घरात जागा मिळवली, असेही म्हणता येईल. मोल्सवर्थने आपली रांग घेऊन मराठीत प्रवेश केला होता. आता इंग्रजीने मराठीच्या रांगेतच दोन अक्षरे उभी केली.

त्याच वर्षी, २००९ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले नावाचे शिक्षक रुजू झाले. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तके दुसऱ्या भाषेत. डिसले गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले, धडे मुलांच्या भाषेत नेले आणि पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, चित्र हलते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत आली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झाले आणि दहा लाख डॉलरमधला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. क्यूआरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत पहिले अक्षर नावाची गोष्टच नाही. शब्द सापडायला आता रांग लागत नाही, हे खरे. मोबाइलच्या खिडकीत दोन अक्षरे टाकली की मागचा शब्द तो स्वतः पुढे करतो.

तरी रांग मोडलेली नाही. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत पहिल्याच प्रश्नात दिलेले शब्द अकारविल्हे लावायला सांगतात. त्याच प्रश्नात शब्दसाखळी असते : एक क्रियापद दिलेले, त्याच्या शेवटच्या अक्षराने पुढचे सुरू करायचे, मग त्याच्या शेवटच्या अक्षराने त्यापुढचे, असे चार. ज्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर भेंड्या खेळल्या आहेत त्याला हे शिकवावे लागत नाही. या साखळीला दोन गुण असतात.